जिवात जीव : विसाव्याविषयी एक अभ्यास

शास्त्रवाचन : निर्गम २३:१२, निर्गम ३१:१२-१७, २ शमुवेल १६:५-१४, गणना ९:१५-२३, मार्क ६:३०-४६



पाठाला आरंभ करण्यापूर्वी वरील शास्त्रभाग सावकाश वाचावेत, अशी नम्र विनंती आहे. 'सावकाश' हा शब्द मी मुद्दाम योजला आहे. पवित्र शास्त्राचे भाषांतर व त्याची सुधारणा हेच माझे पंचवीस-एक वर्षांचे काम असल्यामुळे हे शास्त्र दररोज आठ-आठ तास माझ्या डोळ्यांसमोर असते. परंतु डोळ्यांसमोर असणे आणि वाचणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे मला फार उशिरा कळले; आणि ते कसे कळले, हे सांगितल्यावाचून हा अभ्यास पुढे नेता येत नाही.

काही वर्षांपूर्वी निर्गमाच्या मसुद्याचे काम चालू असताना आमचे वेळापत्रक बरेच मागे पडले. गटाचा प्रमुख या नात्याने नवे वेळापत्रक मी आखले आणि त्यातून शनिवारची सुटी तांबड्या शाईने खोडून टाकली. रविवारी सकाळी उपासना आणि दुपारी पुन्हा काम. हे प्रभूचे काम आहे, त्यात सुटी कसली, असे मी बैठकीत म्हणालो. कोणीही विरोध केला नाही. उलट एक-दोघांनी "आमेन" म्हटले. आमच्यात एक तरुण सहकारी होता. आपल्या डोंगरी बोलीत सुवार्ता आणावी, या इच्छेने तो आमच्याकडे शिकावयास आला होता. त्याला शब्दांचा विलक्षण कान होता. आम्ही चौघे ज्या वाक्यावर तासभर झटत असू, ते तो दोनदा पुटपुटे आणि सहज सरळ करून देई. नव्या वेळापत्रकानंतर तीन-चार महिन्यांत त्याची झोप गेली. मग अन्न जाईना. एके दिवशी तो गावी गेला तो परतला नाही. काही दिवसांनी त्याचे पत्र आले. त्यात तक्रारीचा एक शब्द नव्हता. "सर, हल्ली वचन उघडले की भीती वाटते," एवढेच एक वाक्य मला त्यातले आठवते.

त्या पत्राला उत्तर लिहावयास मी बसलो आणि मला काहीही सुचले नाही. शब्दांवर पोट असलेल्या माणसाला एक साधे पत्र लिहिता येईना. मसुद्यांचीही तीच गत होती. वाक्ये व्याकरणाने शुद्ध, पण ओली माती वाळून भेगा पडाव्यात तशी कोरडी. घरीही काही वेगळे नव्हते. "अहो, तुम्ही हल्ली आमच्याशीसुद्धा तिसऱ्या मसुद्यातलं बोलता," असे पत्नी एकदा म्हणाली. ती हसत म्हणाली, पण मुले हसली नाहीत.

आणि गंमत पाहा, त्याच सुमारास आमच्या मेजावर निर्गमाचा एकतिसावा अध्याय होता, ज्यात देव मोशेला शब्बाथाविषयी आज्ञा देतो.

अडलेले क्रियापद

आम्ही अडलो होतो ते त्या अध्यायाच्या सतराव्या ओवीतील शेवटच्या शब्दावर. हिब्रू भाषेत विश्रांतीसाठी मुख्यत्वे दोन क्रियापदे येतात. 'शाबाथ' म्हणजे थांबणे, हातातले काम टाकणे. 'नूआख' म्हणजे टेकणे, स्थिरावणे. पूर ओसरल्यावर नोहाचे तारू डोंगरावर टेकले तेथे हेच क्रियापद आहे. परंतु या ओवीच्या अखेरीस तिसरेच एक क्रियापद येते, 'नाफश'. ते ज्या नामाशी जोडलेले आहे ते 'नेफेश' हे नाम शास्त्रात शेकडो वेळा आढळते. त्याचा अर्थ गळा, श्वास, जीव असा होतो. मात्र हे क्रियापद संपूर्ण हिब्रू शास्त्रात केवळ तीनच ठिकाणी येते. भाषांतरकाराला अशा दुर्मिळ शब्दांची धास्ती असते, कारण तुलनेला फारसे काही हाती नसते.

मराठीत काय म्हणावे? 'ताजातवाना होणे' हा शब्दप्रयोग सोपा खरा, पण मला त्याला साबणाच्या जाहिरातीचा वास येतो. 'दम खाणे' चढणीवर ठीक आहे. वेदीसमोर वाचताना अडखळावयास होते. 'हुशारी येणे' हा जुना, सुंदर प्रयोग होता. आता हुशारी म्हटले की परीक्षेतले गुण आठवतात. 'विसावणे' घेतले तर पहिल्या दोन क्रियापदांपासून वेगळेपण राहत नाही. समितीच्या तीन बैठका या एका शब्दावर गेल्या आणि समासात पेन्सिलीचे प्रश्नचिन्ह तेवढे उरले.

लष्कर मोहल्ल्यातील एक दिवस

अशा मनःस्थितीत मी म्हैसूरला एका भाषाविषयक कार्यशाळेसाठी गेलो. १९६९ साली भारतीय भाषा संस्थान स्थापन झाल्यापासून हे शहर भाषाभ्यासकांचे एक माहेरघर झाले आहे, त्यामुळे तेथे जाण्याचे निमित्त आम्हा मंडळींना अधूनमधून मिळते. कार्यशाळा ठरल्यापेक्षा एक दिवस आधी संपली. परतीचे तिकीट दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे होते. असा अख्खा दिवस अंगावर आला. होय, "अंगावर आला" असेच मला वाटले. मोकळा दिवस पाहून आनंद होण्याऐवजी धास्ती वाटावी, ही थकव्याची एक खूणच होय. वाचकहो, आपणांपैकी कोणाला ती ओळखीची वाटत असल्यास इथे क्षणभर थांबावे.

मी उतरलो होतो ते लष्कर मोहल्ल्यात. पुणेकर वाचकांना 'लष्कर' म्हटले की आपला कॅम्प आठवेल. म्हैसूरच्या या जुन्या वस्तीचे नावही फौजेवरूनच पडलेले. अशोक रस्त्याने चालत गेले की सेंट फिलोमेना कॅथीड्रलचे जुळे मनोरे दिसू लागतात. सुमारे १७५ फूट उंचीचे हे मनोरे जर्मनीतील कोलोनच्या कॅथीड्रलवरून घेतलेल्या धर्तीचे आहेत. १९३३ साली महाराजा कृष्णराज वडियार चौथे यांनी या मंदिराची कोनशिला बसविली. एका हिंदू राजाने ख्रिस्ती मंदिराचा पाया घालावा, हे त्या शहराच्या स्वभावाशी जुळणारे आहे. ज्या कोलोनच्या मंदिराचा नमुना समोर ठेवला होता, ते बांधावयास १२४८ साली सुरुवात झाली आणि १८८० साली ते पुरे झाले. मध्ये जवळजवळ तीनशे वर्षे काम बंदच होते. अपुऱ्या मनोऱ्यावर लाकडी यारी तशीच उभी असे. ही माहिती मला पूर्वीही होती, परंतु वेळापत्रकाच्या काट्याने टोचला गेलेला मी त्या दिवशी तिच्याकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहिले.

आत गेलो तेव्हा मसुद्याची फाईल काखेत होतीच. एका बाकावर बसून दोन तास काम उरकावे, असा बेत होता. फाईल मांडीवर ठेवली. उघडली नाही. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. कोणी तरी मेणबत्त्या लावीत होते, पर्यटकांचे घोळके दबक्या आवाजात येऊन जात होते, रंगीत काचांतून येणारा उजेड हळूहळू सरकत होता. मी प्रार्थनाही केली नाही, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो. एक पाळक मित्र म्हणाले, तीच प्रार्थना होती. मला तसे ठामपणे म्हणवत नाही. मी नुसता बसलो होतो, आणि कित्येक महिन्यांत प्रथमच माझ्या मनात पुढचे वाक्य तयार होत नव्हते.

दुपारी बाहेर पायऱ्यांवर येऊन बसलो. महाराष्ट्रातून आलेली एक सहलीची बस नुकतीच थांबली होती. उन्हात राजवाडा पाहून दमलेली मंडळी उतरत होती. एक आजी सुनेच्या हाताला धरून सावलीपर्यंत आल्या, पायरीवर टेकल्या, बाटलीतले दोन घोट पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "हुश्श! आता कुठं जिवात जीव आला गं बाई."

मी उठून त्यांना नमस्कार करावयाचा तेवढा राहिलो. नेफेश म्हणजे जीव. नाफश म्हणजे जिवात जीव येणे. पाणी, सावली, टेकायला पायरी आणि गळ्यातून सुटलेला श्वास. हिब्रू शब्दाच्या पोटात जे जे होते ते सर्व त्या माउलीने एका वाक्यात सांगितले होते. तीन बैठकांत जे आले नाही ते कामाबाहेर बसलो असताना आले. इंग्रज विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ साली सर्जनाच्या चार पायऱ्या सांगितल्या. त्यांतील दुसरी पायरी उबवण्याची आहे. आधी भरपूर मेहनत करावी आणि मग तो प्रश्न मनाआड पडू द्यावा, म्हणजे उत्तर आपल्या पावलांनी येते. कोंबडी ज्यांनी पाळली आहे त्यांना हे सांगावयास नको. अंडे दर तासाला हलवून पाहिले तर पिलू होत नाही.

तीन जागा

त्या संध्याकाळी खोलीवर परतून मी त्या क्रियापदाच्या तिन्ही जागा पुन्हा काढल्या. पण या वेळी प्रूफ तपासण्यासाठी नव्हे.

पहिली जागा निर्गम २३:१२. येथे विसावा घेणाऱ्यांची यादी आहे, आणि ती वरून खाली नाही, खालून वर आहे. बैल, गाढव, दासीचा मुलगा, परका. वाक्याची बांधणी नीट पाहावी. तू थांब, असे सांगून शास्त्र पुढे कारण देते. आणि ते कारण तू दमला आहेस हे नाही. तुझ्या थांबण्यामुळे तुझ्या बैलाला व गाढवाला टेकता यावे आणि दासीच्या मुलाच्या व परक्याच्या जिवात जीव यावा, हे कारण आहे. म्हणजे मालक थांबला नाही तर खालचे कोणीच थांबू शकत नाहीत. वाचकहो, मी तांबड्या शाईने शनिवार खोडला तेव्हा माझा एकट्याचा शनिवार खोडला नव्हता. ही ओवी मी मसुद्यात तीनदा सुधारली होती आणि एकदाही वाचली नव्हती.

दुसरी जागा निर्गम ३१:१७. येथे तेच क्रियापद साक्षात देवासाठी वापरले आहे. पुष्कळ टीकाकार येथे बिचकतात, आणि ते साहजिक आहे. परमेश्वर थकत नाही, असे यशया स्पष्टपणे सांगतो. परंतु शास्त्रकर्त्याने दासीच्या मुलासाठी योजलेला शब्द उचलून सृष्टिकर्त्यासाठी योजावा, यात काही तरी हेतू असलाच पाहिजे. मला वाटते ते असे. विसावा ही दुर्बळाला दिलेली सवलत असती तर ती देवाच्या ठायी आढळली नसती. सर्जनाचे काम पुरे झाल्यावर मागे सरून श्वास घेणे, हे सर्जनाचेच अंग आहे. सहा दिवसांचे काम 'चांगले' ठरते. 'पवित्र' ठरविला जातो तो मात्र सातवा दिवस, ज्या दिवशी काही घडवले गेले नाही.

तिसरी जागा २ शमुवेल १६:१४. अबशालोमाच्या भीतीने दावीद यरुशलेम सोडून पळतो आहे. वाटेत शिमी दगड मारतो, शिव्याशाप देतो, धूळ उडवतो. संकट टळलेले नाही. पोटचा मुलगा राजधानी बळकावून बसला आहे. अशा ऐन धामधुमीत तो आपल्या लोकांसह थांबतो आणि त्याच्या जिवात जीव येतो. "एवढे संपले की विश्रांती घेईन" असे आपण म्हणतो. दाविदाचे काहीच संपले नव्हते.

गुलाम, देव आणि परागंदा राजा. या तिघांना एकाच शब्दाने बांधणारे शास्त्र आपल्या हाती असता, विसाव्याला आळस म्हणण्याची सवय आपल्या मंडळ्यांत कोठून शिरली, याचा विचार व्हावयास हवा.

मुक्कामांची यादी

मोहल्ल्याचे नाव लष्कर असल्यामुळे गणनाचे पुस्तक आठवणे क्रमप्राप्त होते. इस्राएलाचा अरण्यातला प्रवास हा एका भल्या मोठ्या छावणीचा प्रवास आहे. तेहतिसाव्या अध्यायात मोशेने त्याची नोंद ठेवली आहे ती कोसांची नव्हे, मुक्कामांची. येथून निघाले, तेथे तळ दिला; असे चाळीसच्या आसपास मुक्काम. आपण हा अध्याय कौटुंबिक उपासनेत बहुधा गाळतो. परंतु नवव्या अध्यायासह तो वाचावा. मेघ निवासमंडपावर दोन दिवस राहो, महिना राहो वा त्याहून अधिक काळ राहो, तोवर छावणी हलत नसे. थांबण्याची आज्ञा चालण्याच्या आज्ञेइतकीच आज्ञा होती. सीनाय डोंगरापाशी तर ते जवळजवळ वर्षभर एकाच जागी होते. त्या वर्षात अंतर काहीच कापले गेले नाही. पण नियमशास्त्र मिळाले ते त्याच वर्षी आणि निवासमंडप उभा राहिला तोही त्याच वर्षी.

पुढे दहाव्या अध्यायात कराराचा कोश लोकांच्या तीन दिवस पुढे जातो, तो त्यांच्यासाठी विसाव्याची जागा शोधण्यासाठी. शत्रूचा ठाव घेण्यासाठी नव्हे. मला हे वाक्य फार हलवून गेले.

केरी यांची बाग

माझ्या व्यवसायातील आद्यपुरुष विल्यम केरी यांचे उदाहरण येथे देणे अगत्याचे आहे. मराठीचे व्याकरण १८०५ साली, मराठी कोश १८१० साली आणि मराठी नवा करार १८११ साली, असे त्यांचे आपल्या भाषेवरील ऋण आहे. त्यात पंडित वैजनाथ यांचे साहाय्य मोलाचे होते. १८०६ सालच्या एका पत्रात केरी यांनी कलकत्त्यातील आपल्या एका दिवसाचा हिशेब दिला आहे. पहाटे पावणेसहाला उठून हिब्रू शास्त्राचा अध्याय, मग प्रार्थना, फारसी, हिंदुस्थानी, संस्कृत, महाविद्यालयातील अध्यापन, बंगालीची प्रूफे, पंडितासह भाषांतर, रात्री तेलुगू पंडित, उपदेश, पुन्हा भाषांतर, असे करता करता रात्रीचे अकरा वाजून जातात. हा हिशेब आमच्या प्रशिक्षणवर्गांत आदर्श म्हणून सांगितला जातो. मीही सांगत आलो.

परंतु केरी यांच्या चरित्रात श्रीरामपूरची बागही आहे, आणि ती सांगावयाची आपण विसरतो. हुगळीच्या काठी सुमारे पाच एकरांत त्यांनी देशोदेशींची झाडे लावली होती. सकाळ-संध्याकाळ ते तेथे फिरत, चिंतन व प्रार्थना करीत. कलकत्त्याचे काम आटोपून श्रीरामपूरला परतले की पाय प्रथम तिकडे वळत. इंग्लंडहून आलेल्या बियांची पिशवी रिकामी झाल्यावर तिच्यातली माती त्यांनी एका सावलीच्या जागी झटकली. काही दिवसांनी तेथे मायदेशीचे डेझीचे एक रानफूल उगवले. त्याचा त्यांना झालेला आनंद त्यांनी पत्रात लिहून ठेवला आहे. ११ मार्च १८१२ रोजी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. खिळे वितळले, अनेक हस्तलिखितांची राख झाली. १८२३ साली पुराने बागच धुऊन नेली, आणि त्याच सुमारास ते पडून जखमी झाले होते. त्यांनी हस्तलिखिते पुन्हा लिहिली, आणि बागही पुन्हा लावली. दोन्ही कामे त्यांच्या लेखी करण्याजोगी होती. अखेरच्या आजारात त्यांना काळजी होती ती, आपल्यामागे बागेत गुरे तर सोडली जाणार नाहीत ना, याची.

आपल्या सह्याद्रीत कुंभ्याचे झाड आढळते. वनस्पतिशास्त्रात त्याच्या कुळीला 'केरिया' हे नाव केरी यांच्यावरूनच दिलेले आहे. मराठी शास्त्राचा पहिला भाषांतरकार आपल्या डोंगरांत ग्रंथरूपाने नव्हे, झाडाच्या नावाने उभा आहे, याचे मला कौतुक वाटते.

मात्र येथे एक कटू गोष्टही लिहिली पाहिजे. केरी यांच्या पत्नी डोरोथी भारतात आल्यानंतर मानसिक व्याधीने ग्रस्त झाल्या, आणि अनेक वर्षे तशाच राहून १८०७ साली मरण पावल्या. दोनशे वर्षांनंतर आपण न्यायाधीश होऊन बसू नये. तरी निर्गम २३:१२ वाचल्यावर प्रश्न पडतोच, की बागेतला श्वास घरातल्या खोलीपर्यंत किती पोहोचला? स्वतःसाठी काढलेला वेळ घरातल्या दुसऱ्या कोणाच्या वाट्याचा तर नव्हे ना, हे पाहावे लागते. आपल्या घरांतील रविवारच पाहा. उपासनेनंतर मंडळी पाय पसरून बसतात, आणि रस्सा, भाकरी, पाहुणे, भांडी यांत घरातल्या बाईचा विसाव्याचा दिवस आठवड्यातला सर्वांत कष्टाचा होऊन जातो. ही शब्बाथाची आज्ञा पाळणे नव्हे.

एक आक्षेप

येथे कोणी पंडिता रमाबाईंचे नाव घेईल, आणि घ्यावे. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. अखेरच्या आजारात प्रूफे पुरी होईतो आयुष्य मिळावे, अशी त्यांनी प्रार्थना केली आणि काम संपताच ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या, असे सांगतात. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. मग त्यांनी कोठे विसावा घेतला?

याचे उत्तर मी सावधपणे देतो. शेवटच्या दहा दिवसांची गोष्ट आपण सांगतो, आणि त्यामागची सुमारे अठरा वर्षे विसरतो. शेकडो निराधार स्त्रियांचा सांभाळ करीत एका ग्रंथावर अठरा वर्षे घालविणारी बाई घाईत नव्हती. मरणाच्या दारी केलेली धावपळ हा नियम नव्हे. त्या धावपळीचा नमुना करून चार महिन्यांत तरुण माणसे मोडणे तर मुळीच नव्हे. हे मी दुसऱ्या कोणाला उद्देशून लिहीत नाही.

होडीतला विसावा

आता मार्क ६ कडे येऊ. प्रेषित कामगिरीवरून परत आले आहेत, केलेले व शिकविलेले सर्व सांगत आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीमुळे त्यांना जेवावयासही सवड नाही. प्रभू येशू त्यांना पुढची कामगिरी देत नाही. एकांतात चला आणि थोडा विसावा घ्या, असे सांगतो. मूळ ग्रीक शब्द 'थोडा' असाच आहे, आणि तो मला दिलासा देणारा वाटतो. महिनाभराची सुटी ज्यांना कधीच मिळणार नाही, त्यांच्यासाठी तो शब्द आहे.

पुढे काय होते? बेत फसतो. लोक किनाऱ्याकिनाऱ्याने धावत त्यांच्या आधी पोहोचतात. उतरल्यावर प्रभूला त्यांचा कळवळा येतो, शिक्षण सुरू होते, पाच हजारांना जेवू घालावे लागते. शिष्यांना विसावा मिळाला तो पाण्यावर, होडी पलीकडे पोहोचेपर्यंत. लहान मुले असलेल्या आयांना, आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्यांना, पाळीवर काम करणाऱ्यांना हा भाग विशेष समजेल. त्यांच्या नशिबी बहुधा होडीतलाच विसावा असतो, आणि प्रभू त्याला कमी लेखत नाही. पण अध्याय तेथे थांबत नाही. लोकांना निरोप देऊन झाल्यावर प्रभू स्वतः डोंगरावर प्रार्थना करावयास जातो. फसलेला बेत त्याने सोडून दिला नाही; त्याच रात्री पुरा केला. लूक पाचव्या अध्यायात हेच सांगतो, आणि तेथील ग्रीक क्रियापदाची घडण एकदा घडलेल्या गोष्टीची नसून नित्याच्या रिवाजाची आहे. बरे व्हावयास लोक जमत, आणि तो रानात निघून जात असे. म्हणजे काही रोगी त्या दिवशी बरे झाल्यावाचून राहिले असतील. हा विचार अस्वस्थ करणारा आहे. आपणही त्यावर मनन करावे. मी अद्याप करीत आहे.

एलीयाचे उदाहरण मी लांबवीत नाही. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या त्या संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा भाकर दिली. देवाचा प्रश्न आला तो चाळीस दिवसांनंतर. आमच्या त्या सहकाऱ्याची झोप गेली तेव्हा मी त्याला फिलिप्पैकरांस पत्रातील एक ओवी पाठ करावयास सांगितली होती.

व्यवहारात काय करावे, असे काही वाचक विचारतील. प्रत्येकाच्या घरची घडी निराळी, म्हणून नेम सांगत नाही. मी काय करतो तेवढे सांगतो. पहाटेचा एक तास मी भ्रमणध्वनी कपाटात ठेवून घराबाहेर चालतो, आणि त्या तासात पाठ तयार करीत नाही. शास्त्र वाचतो ते ज्या पुस्तकाचे काम चालू नाही त्यातले, आणि पेन्सिल हातात न घेता. पाळकबंधूंना एक आठवण द्यावीशी वाटते, की रविवार हा आपला कामाचा दिवस आहे. तेव्हा आठवड्यातला दुसरा एखादा दिवस मंडळीला सांगून, उघडपणे, मोकळा ठेवावा. चोरून घेतलेल्या विश्रांतीने जिवात जीव येत नाही, वर अपराधीपणा तेवढा येतो. रविवारचा स्वयंपाक आमच्या घरी आता शनिवारी अर्धा होतो आणि उरलेला मुलगा व मी करतो. रस्सा पूर्वीसारखा होत नाही.

त्या शब्दाचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. म्हैसूरहून परतल्यावर मी मोठ्या उत्साहाने समितीपुढे 'जिवात जीव आला' हा प्रयोग ठेवला. दाविदासाठी तो तत्काळ मान्य झाला. दासीच्या मुलासाठीही झाला. देवासाठी मात्र एका ज्येष्ठ भगिनीने रास्त हरकत घेतली. जिवात जीव येतो तो धास्तावलेल्याच्या. देव कोणाला धास्तावला होता? या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. एकतिसाव्या अध्यायाच्या समासात ते पेन्सिलीचे प्रश्नचिन्ह अजून आहे. आणखी कोणा आजींच्या तोंडून काही ऐकू येईतो ते तसेच राहील, आणि आता मला त्याची घाई वाटत नाही.

त्या तरुणाला पत्र मी लष्कर मोहल्ल्यातील त्या खोलीतूनच लिहिले. क्षमा मागितली, परत ये, असे लिहिले नाही. दोन महिन्यांनी त्याचे उत्तर आले. भात चांगले झाले आहे, झोप येते, धाकट्या बहिणीचे लग्न ठरले आहे, असे त्यात होते. वचनाविषयी काही नव्हते, आणि मीही विचारले नाही. लग्नाला आम्ही दोघे जाऊन आलो. जाताना फाईल नेली नव्हती.

आमच्या कार्यालयाला शनिवारी कुलूप असते. किल्ली माझ्यापाशी राहिली तर मी उघडीन, हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे ती शुक्रवारी संध्याकाळी शिपाईमामांकडे जाते, आणि शिपाईमामा शनिवारी आपल्या गावी जातात.